तिसरा कप होईपर्यंत

इथिओपियात कुणी 'बुना' घ्यायला घरी बोलावलं, तर पुढचे दीड-दोन तास मोकळे ठेवा. बुना म्हणजे कॉफी. आपल्याकडे पाहुणा टेकतो न टेकतो तोच चहाचं आधण चढतं. तिथला कारभार असा झटपट नाही. कॉफीचं झाड मूळचं याच भूमीतलं आणि पाहुण्यासाठी ती हिरव्या बियांपासून त्याच्या डोळ्यांदेखत होते.

जमिनीवर ताजं गवत पसरलेलं असतं, ऊद जळत असतो. घरातली बाई बुटक्या स्टुलावर बसून बिया धुते, शेगडीवर तव्यात भाजते. त्या काळपट, तुकतुकीत झाल्या की धुरासकट तवा प्रत्येकासमोर फिरवते. त्या वेळी मोबाइल बाजूला ठेवावा आणि आरती घेतो तसा हाताने तो धूर स्वतःकडे ओढून घ्यावा. वासाला दाद देणं हे पाहुण्याचं पहिलं काम. मग बिया कुटायच्या, पूड 'जबना' नावाच्या उंच मानेच्या मातीच्या सुरईत उकळायची आणि बिनकानाच्या चिमुकल्या कपांत वरून धार धरायची. सोबत बहुतेकदा मक्याच्या लाह्या.

पहिल्या कपाचं नाव 'अबोल'. मराठी कानाला गंमत वाटेल, कारण गप्पांना खरं तोंड फुटतं ते याच कपाबरोबर. दुसरा 'तोना', तिसरा 'बरका'. त्याच चोथ्यात पाणी घालून पुन्हा उकळतात, त्यामुळे कॉफी दर वेळी सौम्य होत जाते. बरका म्हणजे आशीर्वाद. पहिला कप संपवून घड्याळ बघत उठणारा प्रवासी तो न घेताच जातो. प्रेक्षणीय स्थळांच्या यादीतलं एखादं ठिकाण राहिलं तरी चालेल, पण बरका चुकवू नये, असं मला मनापासून वाटतं.

जेवणाचं आमंत्रण आलं तर शाकाहारी माणसाने बिचकू नये. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती मंडळी बुधवारी आणि शुक्रवारी उपास धरतात. त्या दिवशी मांस, अंडी, दूध सगळं वर्ज्य. मग 'इंजेरा'वर येतं ते पिठल्याच्या जवळचं 'शिरो', मसुराचं तिखट 'मिसिर वोत' आणि पालेभाजी. इंजेरा म्हणजे तेफ या बारीक धान्याच्या आंबवलेल्या पिठाची भलीमोठी, जाळीदार, आंबूस आंबोळी. एकाच थाळ्याभोवती सगळे बसतात, त्याआधी हातांवर पाणी घातलं जातं, आणि जेवायचं उजव्या हाताने.

तेवढ्यात शेजारचं कुणीतरी घास वळून थेट तुमच्या तोंडाशी आणतं. हा 'गुर्शा'. घास जितका मोठा, तितकी माया जास्त. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत नवरा-नवरी एकमेकांना घास भरवतात, तिथे तो परक्यालाही मिळतो. संकोचून मागे सरकू नका, तोंड उघडा. एकावर सहसा भागत नाही, दुसराही येतो. तो गिळून झाला की इंजेराचा तुकडा तोडा, त्यात शिरो घ्या आणि त्यांच्यासाठी घास वळा.