उपचार आणि विज्ञान (लेखांक 6) : तळहाताचे चुंबकत्व

रेकी, प्राणिक हीलिंग यांसारख्या तळहातांनी करायच्या उपचारपद्धतींच्या समर्थनाची सुरुवात एका निर्विवाद सत्यापासून होते. हृदयाच्या स्नायूंत व मज्जातंतूंत आयनांच्या, म्हणजे विद्युत्‌भारित अणूंच्या, हालचालीमुळे सूक्ष्म विद्युत्‌प्रवाह निर्माण होतात, त्यांचाच आलेख ईसीजीच्या कागदावर उमटतो, आणि जेथे प्रवाह आहे तेथे चुंबकीय क्षेत्र असतेच. हृदयाचे असे क्षेत्र बाउल आणि मॅकफी या अमेरिकी संशोधकांनी 1963 मध्ये प्रथम मोजले. वाद या क्षेत्राच्या अस्तित्वाबद्दल नसून त्याच्या प्रमाणाबद्दल आहे, आणि समर्थकांच्या लेखनात नेमके प्रमाणच गाळले जाते.

गोंदिया जिल्ह्यातील बिरसी येथील विमानतळावर, इतर विमानतळांप्रमाणेच, धावपट्टीचे क्रमांक चुंबकीय दिशेवरून ठरतात, आणि होकायंत्राची सुई फिरवणारे पृथ्वीचे तेथील क्षेत्र सुमारे 45 मायक्रोटेस्ला भरते (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक). छातीजवळ मोजलेले हृदयाचे क्षेत्र त्याच्या जवळजवळ दहा लाखाव्या भागाइतके, म्हणजे काही दशक पिकोटेस्लाच असते. इतके क्षीण क्षेत्र टिपण्यासाठी अतिसंवाहक तत्त्वावर चालणारा ‘स्क्विड’ हा संवेदक आणि बाहेरचे चुंबकत्व अडवणारी खोली सहसा लागते. त्याहून कितीतरी मोठ्या, पृथ्वीच्याच क्षेत्रातील बारीक बदल नोंदवणाऱ्या कुलाबा वेधशाळेचे चुंबकीय काम मुंबईत येऊ घातलेल्या विजेच्या ट्रामच्या धास्तीने 1904 मध्ये अलिबागला हलवावे लागले होते, हे येथे आठवण्याजोगे आहे. त्यामुळे काही मोजक्या व्यक्तींच्या तळहातांतून हृदयाच्या हजारपटींहून प्रबळ क्षेत्र निघते, असा जो दावा 1992 मध्ये जपानमधून प्रसिद्ध झाला, तो वाचताना उपकरणाची किंवा हाताची किंचितशी थरथर या मापनात कितपत मिसळली असेल, ही शंका आधी घ्यावी लागते.

चुंबकीय क्षेत्राने उपचार मुळीच होत नाहीत, असे मात्र नव्हे. न जुळणाऱ्या अस्थिभंगासाठी स्पंदित क्षेत्राच्या उपकरणांना अमेरिकेत 1979 मध्ये मान्यता मिळाली, आणि 1985 मध्ये अँथनी बार्कर यांनी कवटीबाहेरून मेंदू उद्दीपित करण्याचे जे तंत्र दाखवले, त्यात एक टेस्लाच्या आसपासची क्षेत्रे वापरली जातात. या यशाचा दाखला तळहाताला देणे हा तर्काचा दोष आहे.

भौतिकशास्त्र बाजूला ठेवूनही दावा तपासता येतो. एमिली रोझा या शाळकरी मुलीने ‘थेरप्युटिक टच’ ही याच धर्तीची उपचारपद्धती वापरणाऱ्या 21 जणांना पडद्याआडून हात पुढे करायला सांगून, तिचा हात त्यांच्या कोणत्या तळहाताजवळ आहे ते ओळखायला लावले. अमेरिकी वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात 1998 मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार 280 पैकी 123 उत्तरे बरोबर निघाली, म्हणजे नाणेफेकीने अपेक्षित असलेल्या 140 पेक्षाही कमी. क्षेत्र जाणवणे आणि रुग्ण बरा होणे या भिन्न गोष्टी आहेत, हा त्यावरील आक्षेप रास्त आहे. परंतु ही पद्धत क्षेत्र चाचपण्यापासूनच सुरू होते, हे आक्षेपकांना सोयीस्करपणे विसरता येत नाही.

महाराष्ट्रात या वादाची एक कड 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याला भिडते. बिरसीच्या आसपासच्या धानाच्या बांध्यांत साप चावल्यावर रुग्णाला दवाखान्यापासून रोखून मंत्रतंत्राने झाडणे त्या कायद्याने गुन्हा ठरते, आणि बोटांनी शस्त्रक्रिया करून दाखवण्याचा दावाही त्याच्या अनुसूचीत आहे. रेकीचे नाव तेथे नाही.