मनाचें तेल सरतें तेव्हां

अलीकडे एक इंग्रजी शब्द आमच्या घराघरांत शिरला आहे. सहामाही परीक्षा आटोपून आलेला मुलगा दप्तर टाकतो आणि "मी अगदीं बर्नआउट झालों" असें म्हणून आडवा होतो. कचेरींतून परतलेला बापही तेंच म्हणतो. दोघांस जेवूं घालणारी आई मात्र तें म्हणत नाहीं, कारण तिला म्हणावयास सवड नसते. फार वापरला म्हणजे शब्दही नाण्याप्रमाणें झिजतो. तेव्हां हा शब्द मुळांत कशाकरितां निघाला, त्यानें मनाची कोणती अवस्था दाखविली जाते, आणि ती येऊं नये किंवा आल्यास जावी म्हणून काय करतां येतें, हें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम एक भेद ध्यानांत घ्यावा. थकवा निराळा आणि ही अवस्था निराळी. सुगीच्या दिवसांत खळ्यावर राबलेला शेतकरी रात्रीं घोंगडीवर पडतो आणि पहांटे ताजा होऊन उठतो; त्याचा थकवा झोपेनें फिटला. बर्नआउट झालेला मनुष्य आठ तास निजून उठला तरी निजण्यापूर्वीं होता तितकाच थकलेला असतो. रविवारीं दुपारपासूनच सोमवारच्या धास्तीनें त्याच्या पोटांत गोळा येतो. दिव्यांत तेल आहे तोंवर तेल जळतें आणि वात टिकते. तेल सरलें कीं वातच जळूं लागते. कांहीं वेळ उजेड पहिल्यासारखाच दिसतो, म्हणून शेजारीं बसलेल्यासही फरक कळत नाहीं.

हा शब्द मानसशास्त्रांत रूढ करण्याचें श्रेय बहुधा हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांस दिलें जातें. त्यांचा जन्म १९२६ सालीं जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरीं एका ज्यू कुटुंबांत झाला. नाझी अमलांतून ते लहानपणींच निसटून अमेरिकेस आले, कारखान्यांत काम करून रात्रीच्या वर्गांत शिकले व पुढें मानसचिकित्सक झाले. १९७० च्या सुमारास न्यूयॉर्क शहरांत गोरगरिबांसाठीं आणि व्यसनांत सांपडलेल्या तरुणांसाठीं एक मोफत दवाखाना चालत असे. दिवसभर स्वतःचे रुग्ण पाहून फ्रॉइडेनबर्गर रात्रीं तेथें उशिरापर्यंत काम करीत. त्यांच्या भोंवतीं होते ते बहुतेक स्वयंसेवक. उमदीं, उत्साही माणसें. परंतु सुमारें वर्षभरानें या माणसांत पालट होऊं लागे. सर्दी हटत नसे, डोकें दुखे, झोप येईना, क्षुल्लक कारणावरून राग येई. जो पूर्वीं बोलका तो अबोल होई. सर्वांत विलक्षण गोष्ट ही कीं, असा मनुष्य दवाखान्यांत पूर्वीपेक्षां अधिक तास घालवी आणि त्याच्या हातून काम मात्र कमी होई. १९७४ सालीं फ्रॉइडेनबर्गर यांनीं या अवस्थेवर लेख लिहिला. पुढें आपल्या पुस्तकांत त्यांनीं आग लागून गेलेल्या इमारतीची उपमा दिली: बाहेरच्या भिंती उभ्या असतात, आंत गेल्यावर नासाडी दिसते.

त्यांनीं हें केवळ दुसऱ्यांत पाहिलें असें नव्हे. कुटुंबास घेऊन सुटीवर निघावयाचें त्याच सकाळीं त्यांस अंथरुणांतून उठवेना, अशी हकीकत सांगतात. तेव्हां त्यांनीं ध्वनिमुद्रण-यंत्रासमोर आपल्या मनांतील सर्व कांहीं बोलून टाकलें आणि मग तें स्वतःच ऐकलें. त्या आवाजांत जितका थकवा होता तितकाच राग होता. ज्याचें काम दुसऱ्यांचीं मनें वाचण्याचें, त्यास आपलें मन ऐकण्यासाठीं यंत्राची गरज पडावी, हें आम्हांस फार बोलकें वाटतें. आणि त्यांच्या लेखांतील एक निष्कर्ष पालकांनीं व शिक्षकांनीं विसरूं नये: ही अवस्था आळशास सहसा येत नाहीं. जो मनापासून जळतो तोच जळून जातो.

पुढें कॅलिफोर्नियांतील बर्कली येथील विद्यापीठांत क्रिस्टिना मास्लाक या विदुषींनीं या विषयाचा पद्धतशीर अभ्यास केला. परिचारिका, वैद्य, समाजसेवक अशा माणसांशीं काम पडणाऱ्यांच्या त्यांनीं मुलाखती घेतल्या आणि १९८१ सालीं सूझन जॅक्सन यांच्यासह ही अवस्था मोजण्याची एक प्रश्नावलि प्रसिद्ध केली. तींत तीन अंगें मोजलीं जातात. पहिलें मनाचा शीण, तिसरें "माझ्या हातून कांहींच धड होत नाहीं" ही भावना. ही दोन कोणासही समजतात. दुसरें अंग अधिक घातक आहे, आणि त्यास मराठींत आम्ही कोरडेपण म्हणूं. परिचारिका रुग्णास नांवानें न ओळखतां "सात नंबरची खाट" म्हणून ओळखूं लागते. शिक्षकास पन्नास मुलें दिसत नाहींत, वह्यांचा गठ्ठा दिसतो. हा मनुष्य दुष्ट झाला असें लोक समजतात. वास्तविक त्याचें मन उरलेसुरलें तेल राखण्यासाठीं दार लावून घेत असतें. पण दार लावल्यानें ज्या कामांत त्यास आनंद होता तो आनंदही बाहेरच राहतो, आणि शीण आणखी वाढतो.

हा रोग आहे काय? जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं आपल्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ति मान्य केली, ती जानेवारी २०२२ पासून अमलांत आली. तींत बर्नआउटचा उल्लेख आहे, परंतु रोग म्हणून नव्हे. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळ चाललेला ताण नीट आवरला न गेल्यानें उद्भवणारी अवस्था, असें तिचें वर्णन आहे. आमच्या मतें यांत मोठा अर्थ आहे. दोष केवळ मनुष्याच्या अंगीं शोधूं नये, कामाच्या मांडणींतही शोधावा. एखाद्या कचेरींत दोन माणसांचें काम एकावर लादावें आणि मग त्यास तासभर प्राणायामाचें व्याख्यान ऐकवावें, हा उपाय म्हणजे चुलीखालचा जाळ तसाच ठेवून उतूं जाणाऱ्या दुधावर फुंकर घालणें होय. प्राणायामाविरुद्ध आमचें कांहीं म्हणणें नाहीं. पण आधीं जाळ कमी करावा.

हा जाळ केवळ कामाच्या ओझ्याचा असतो असेंही नाहीं. मास्लाक व त्यांचे सहकारी मायकेल लायटर यांनीं ओझ्याबरोबर आणखी पांच गोष्टी सांगितल्या आहेत: आपल्या कामावर आपला ताबा असणें, योग्य मोबदला, सहकाऱ्यांची सोबत, न्याय, आणि आपलीं मूल्यें व कामाचीं मूल्यें यांचा मेळ. पुष्कळ काम करूनही टवटवीत असलेले लोक आपण पाहतों. त्यांस बहुधा काम कसें करावें हें ठरविण्याची मोकळीक असते आणि केल्याचें चीज होतें. उलट ज्याच्या कष्टाचें श्रेय दुसरा घेतो तो थोड्या कामानेंही खचतो. शाबासकीच्या दोन शब्दांस पैसे पडत नाहींत, तरी ते आपल्याकडे इतके महाग कां, हें आम्हांस कोडें आहे.

विश्रांति ही कोणाची मेहेरबानी नव्हे, हें महाराष्ट्रास तरी नव्यानें सांगावयास नको. मुंबईच्या गिरण्यांतील मजूर एकेकाळीं दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत राबत आणि त्यांस आठवड्याची ठरलेली सुटी नसे. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं त्यांच्या सभा भरवून रविवारच्या सुटीची मागणी पुढें मांडली, आणि १८९० च्या जून महिन्यांत गिरणीमालकांनीं ती मान्य केली. ज्या रविवारीं आपण सकाळींच मुलास जादा शिकवणीस धाडतों, तो रविवार असा मिळालेला आहे.

आतां विद्यार्थ्यांकडे वळूं. आरोग्य संघटनेची व्याख्या नोकरी-धंद्यापुरती आहे; तथापि संशोधकांनीं तीच लक्षणें शाळेंतही शोधलीं. फिनलंडमधील कातारीना साल्मेला-आरो यांनीं विद्यार्थ्यांसाठीं निराळी प्रश्नावलि केली. तींतील तीन अंगें अशीं: अभ्यासाचा शीण, शाळेविषयीं तिटकारा, आणि विद्यार्थी म्हणून आपण उणे आहों ही भावना. आमच्याकडील दहावी-बारावीचा मुलगा पाहा. पहांटे शिकवणी, मग शाळा, सायंकाळीं पुन्हां शिकवणी, रात्रीं सराव-परीक्षा. आणि उशाशीं मोबाइल. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांस रोज आठ ते दहा तास झोप हवी असें निद्राशास्त्रज्ञ सांगतात. ती सहा तासांवर आणून वाचविलेले दोन तास वस्तुतः वांचत नाहींत, कारण दिवसां वाचलेलें पक्कें करण्याचें काम मेंदू झोपेंतच करतो.

पालकही यांतून सुटलेले नाहींत. बेल्जियममधील संशोधकांच्या पुढाकारानें बेचाळीस देशांतील आईबापांची पाहणी झाली व ती २०२१ सालीं प्रसिद्ध झाली. जेथें जो तो आपल्यापुरता राहतो अशा पाश्चात्य देशांत पालकांची ही अवस्था अधिक आढळली. आजी, काकू, शेजारीण यांच्या हातांनीं वाढणारें मूल आईस कमी जड जातें, हें आपल्या वाड्यांतील बायांस पाहणीवांचून ठाऊक होतें. आतां वाडे गेले आणि दोन खोल्यांत एकटी आई राहिली.

उपचाराविषयीं सांगावयाचें तर पहिलें पाऊल वैद्याकडे. रक्तक्षय, थायरॉइड ग्रंथीचा विकार, मधुमेह यांनींही असाच थकवा येतो. तो मनाचा समजून महिने घालवूं नयेत. दुसरी गोष्ट, औदासीन्याचा विकार, ज्यास डिप्रेशन म्हणतात, तो याहून निराळा व अधिक गंभीर आहे. बर्नआउट झालेल्यास आरंभीं कामाचाच वीट येतो, आवडत्या गाण्यानें त्याचें मन अजून हलतें. सर्वच गोष्टींतील गोडी गेली, जगणें नकोसें वाटूं लागलें, तर तें अंगावर काढूं नये. भारत सरकारनें २०२२ सालीं सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ असा आहे. तेथें मोफत बोलतां येतें, मराठींतही.

या दोन शंका फिटल्यावर विश्रांति घ्यावी, पण विश्रांतीनंतर त्याच जात्यांत पुन्हां दाणा होऊन पडूं नये. पंधरा दिवसांच्या सुटीनें आलेला तजेला जुन्याच ओझ्याखालीं लवकर ओसरतो. म्हणून काय सोडावयाचें हें सुटींत ठरवावें, आणि तें वरिष्ठांस किंवा वडिलांस स्पष्ट सांगावें. सायंकाळीं काम खरोखर संपावें. कचेरीचे संदेश जेवतांना वाचणारा मनुष्य घरीं आलेलाच नसतो. रोज थोडें चालावें. मुलांनीं मैदानावर जावें, तेंही स्पर्धेसाठीं नव्हे. आणि घरांत एखादें माणूस असें असावें कीं ज्यास "मला आतां हें झेपत नाहीं" असें सांगतां येईल व ज्यानें लगेच "आमच्या वेळीं" म्हणून सुरुवात करूं नये. निकालाच्या दिवशीं मुलगा घरीं आला कीं गुण विचारण्याआधीं त्यास पाणी विचारावें.