पालक संघ नेमकं करतो काय?

भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये काल्यात रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. तिथल्या पोरांच्या भाकरीसाठी गावोगावी धान्य मागितलं जाई. पालक-शिक्षक संघाची मुळं अशा मदतीत दिसतात. आता त्याला कायद्याचा आधार आहे. शुल्क नियमनाच्या 2011 च्या कायद्यानुसार खासगी शाळेत हा संघ हवाच, आणि फीचा प्रस्ताव त्याच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावा लागतो. अध्यक्ष मात्र मुख्याध्यापकच! आठवीपर्यंतच्या अनुदानित आणि सरकारी शाळांत वेगळी व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीनचतुर्थांश पालक.

हायस्कूलमध्ये संघाचं खरं काम कागदाबाहेर चालतं. शेवटचा तास आणि एसटी यांची वेळ जुळत नसेल, तर पालकांच्या सह्यांचा अर्ज आगारात जातो. सांगलीकडे द्राक्षांच्या छाटणीत सभा ठेवली, की खुर्च्या रिकाम्या. हुशार वर्गशिक्षिका मग सभा रात्री आठला, देवळाच्या पारावर घेते. तिथे आई बोलते, आणि मुलगी दहावीनंतर पुढे शिकणार की नाही, हे बऱ्याचदा तिथेच ठरतं.