नंदीच्या पायथ्याशी डबीचा शोध

रविवारी पहाटे सायकली टेम्पोत घालून आम्ही चौघे बंगळूरहून निघालो आणि देवनहळ्ळीला उतरलो. टिपू सुलतानाचा जन्म इथलाच. पुढे डांबरी रस्ता सोडून द्राक्षमळ्यांमधल्या तांबड्या पायवाटा धरल्या. चिरंजीवांची चेन दोनदा उतरली. हात काळे झाले ते ह्यांचे!

जिओकॅशिंग म्हणजे उपग्रहांच्या मदतीने खेळायची लपाछपी. मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएसच्या संदेशांत मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि लगेच ऑरेगॉनमध्ये पहिली डबी लपवली गेली. डबी सापडली की आतल्या वहीत नाव लिहायचे, वस्तू घेतलीच तर तोलामोलाची ठेवायची.

नंदी गावात फोनचा बाण भोगनंदीश्वराच्या तटाकडे वळला. चिरंजीव दगडांच्या फटीत काडी घालू लागले, तशी मी ओरडलेच. नवव्या शतकापासूनचे देऊळ ते! बाण चार पावले चुकतो, देवळाचा दगड मात्र एकदा निखळला की निखळला. मुलगा रुसून पुष्करणीच्या पायऱ्यांवर बसला. तिथे पुजाऱ्यांनी सांगितले, अरुणाचलेश्वर हे शिवाचे बालरूप, भोगनंदीश्वर तारुण्याचे आणि डोंगरावरचा योगनंदीश्वर विरक्त. स्वारी खुलली; तिन्ही रूपे पाहायचीच म्हणाली.

डबी शेवटी गावाबाहेर, एका खडकाच्या कपारीत मिळाली. वही दमट झाली होती. लेकीने कोरडे पान शोधून चौघांची नावे मराठीत लिहिली.