विमानाला गंडा नको, माहिती हवी

गेल्या पौर्णिमेला हर्सूलच्या आमच्या वस्तीतील विहारात वंदना आटोपली. मंडळी घरोघर निघाली, पण एक ताई मागे थांबल्या. शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवून त्यांनी मुलाला आयटीआय करविले. आता त्याला आखाती देशात एसी दुरुस्तीचे काम लागले आहे. त्यांच्या घरात विमानात बसणारा तो पहिलाच.

"भाऊ, वरच मशीन बंद पडलं म्हंजे?" त्यांनी विचारले आणि पदराची गाठ सोडून एक काळा दोरा दाखविला. शेजारणीने कोठून तरी मंतरून आणला होता. "बावीस प्रतिज्ञा घेतल्यात आपण, समजतं मला. पण आईचं मन हाये. बांधू का नको?"

आम्ही कारकून माणूस, वैमानिक नव्हे. परंतु असा प्रश्न आज आपल्या अनेक घरांत आहे. कोणाचा मुलगा परदेशी कामाला जातो, कोणाची मुलगी नोकरीसाठी बंगळूरला, तर कोणी बुद्धगयेच्या यात्रेला विमानाने निघतो. म्हणून वाचून जे कळले, ते येथे देत आहोत.

आपल्या शहराजवळचा अपघात

२६ एप्रिल १९९३. शहर तेव्हा औरंगाबाद होते. भीमजयंतीचा महिना सरत आला होता. आम्ही शाळकरी होतो. दुपारी एकच्या सुमारास इंडियन एअरलाइन्सचे बोईंग ७३७ चिकलठाण्याहून मुंबईकडे निघाले. आत ११२ प्रवासी व ६ कर्मचारी होते. विमान धावपट्टीच्या अगदी टोकाशी कसेबसे उचलले गेले. पुढच्या रस्त्यावरून कापसाच्या गाठींचा ट्रक चालला होता. विमानाचे डावे चाक आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग ट्रकवर आदळला. पुढे सुमारे तीन किलोमीटरवर विमान विजेच्या तारांत सापडून कोसळले. ५५ जण गेले, ६३ वाचले.

तेव्हा मोठी माणसे म्हणत, "ज्याची दोरी बळकट तो वाचला." चौकशीत मात्र दोरीचे नाव कोठे नव्हते. वैमानिकाने विमानाचे नाक उशिरा उचलले आणि उचलण्याची पद्धत चुकली, हे एक कारण. विमानाच्या वेळेत बीड रस्त्यावरची वाहतूक विमानतळ प्राधिकरणाने रोखली नाही, हे दुसरे. रस्ता वेळेवर अडविला असता तर तो ट्रक तेथे आलाच नसता!

तथागतांनी आपल्याला हेच शिकविले. कारणावाचून काही घडत नाही, आणि कारण दूर केले की परिणामही टळतो. दैवाला दोष दिला की चौकशी थांबते. कारण शोधले की पुढची माणसे वाचतात.

इंजिन बंद पडले तर?

आता ताईंच्या प्रश्नाकडे येऊ. मोठ्या प्रवासी विमानाला निदान दोन इंजिने असतात. त्यांपैकी एक बंद पडले तरी दुसऱ्यावर विमान उडू शकते, वर चढू शकते आणि उतरू शकते. हे सिद्ध झाल्याशिवाय त्याला प्रवासी नेण्याची परवानगीच मिळत नाही. उड्डाणापूर्वी वैमानिक एक वेग ठरवून ठेवतो. त्याआधी इंजिन बिघडले तर थांबायचे, त्यानंतर बिघडले तर उडायचेच, असा नियम आहे.

दोन्ही इंजिने बंद पडणे फार विरळा. तेव्हाही विमान दगडासारखे खाली पडत नाही, घारीसारखे तरंगत खाली येते. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कमध्ये पक्ष्यांच्या थव्याने दोन्ही इंजिने निकामी केली. वैमानिकाने विमान हडसन नदीवर उतरविले आणि १५५ च्या १५५ माणसे वाचली.

पण खोटा धीर देणे आम्हाला मान्य नाही. तरंगायला उंची लागते. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला एअर इंडियाच्या विमानाच्या दोन्ही इंजिनांचा इंधनपुरवठा उड्डाणानंतर काही सेकंदांतच तुटला, असे प्राथमिक अहवाल सांगतो. उंची नव्हती. जमिनीवरच्यांसह २६० माणसे गेली. धोका शून्य नसतो. तो कमी करता येतो, आणि तो कमी होतो नियम पाळल्यानेच.

कोंडलेली हवा

पस्तीस हजार फुटांवर बाहेरच्या हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या मानाने जेमतेम पाव असतो. त्या हवेत माणूस अर्ध्या ते एका मिनिटात भान हरपतो. म्हणून विमानात हवा दाबून भरतात. बहुतेक विमानांत ती इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधून घेतलेली असते. एसीचे काम करणाऱ्या पोराला हे चटकन कळेल. आत साधारण सहा ते आठ हजार फुटांवरच्यासारखी हवा राखतात, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षा थोडी विरळ. कान दडे बसतात ते त्यामुळेच.

२० सप्टेंबर २०१८ रोजी जेट एअरवेजचे विमान मुंबईहून जयपूरला निघाले. हा दाब राखणारे बटण सुरू करायचे राहून गेले. १६६ प्रवाशांपैकी सुमारे ३० जणांच्या नाका-कानांतून रक्त आले. विमान मुंबईला परत फिरले.

त्याच वर्षी १७ एप्रिलला अमेरिकेत साउथवेस्ट कंपनीच्या विमानाच्या इंजिनातील एक पाते धातू थकून तुटले. उडालेल्या तुकड्यांनी खिडकी फुटली, आतला दाब गेला आणि एक महिला प्रवासी दगावली. वैमानिक टॅमी जो शल्ट्स या बाईंनी एका इंजिनावर विमान फिलाडेल्फियाला उतरवून बाकीच्यांना वाचविले. आपल्या लेकींना ही गोष्ट अवश्य सांगावी.

त्या विमानातील फोटोंत एक बाब दिसली. अनेकांनी ऑक्सिजनचा मास्क फक्त तोंडावर धरला होता, नाक उघडेच! शिकलेली, विमानाची सवय असलेली माणसे ती. सूचना कोणी ऐकल्याच नव्हत्या.

घरात सर्वांनी पाठ करावे

१. पट्टा बसून असेपर्यंत बांधलेलाच ठेवावा.

२. मास्क खाली आला की ओढून नाक व तोंड दोन्ही झाकावे. पिशवी फुगली नाही तरी ऑक्सिजन येत असतो. आधी स्वतःला लावावा, मग लेकराला. आईला हे कठीण वाटेल, पण आईच बेशुद्ध पडली तर लेकराला कोण लावणार?

३. त्यानंतर विमान झपाट्याने खाली उतरते. ते पडत नसते. दहा हजार फुटांच्या आसपास मास्कविना श्वास घेता येतो.

४. आपल्यापासून दरवाजा किती रांगांवर आहे ते बसतानाच मोजावे. धुरात दिसत नाही.

५. बाहेर पडताना बॅग घेऊ नये. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोला जळत्या विमानातून ३७९ जण सुखरूप बाहेर पडले, कारण सामानासाठी कोणी वाट अडविली नाही.

६. समोरच्या खिशातील सूचनापत्र चित्रांचे असते. इंग्रजी येत नाही म्हणून लाजू नये. समजले नाही तर हवाई सेविकेला विचारावे. तिकिटाचे पैसे आपणही मोजले आहेत.

ही शेवटची गोष्ट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. पिढ्यान् पिढ्या आपल्याला प्रश्न विचारू दिला नाही. बाबासाहेबांनी तो हक्क मिळवून दिला. तो विमानाच्या खुर्चीत बसून लाजेखातर सोडायचा काय?

ताईंचा मुलगा पुढच्या आठवड्यात निघतो आहे. परवा त्या वाटेत भेटल्या. म्हणाल्या, "रोज रात्री जेवताना म्हणून घेते त्याच्याकडून. आधी नाक, मग तोंड, बॅग न्हाई." काळ्या दोऱ्याचे काय झाले, ते आम्ही विचारले नाही. पदराला गाठ मात्र दिसली नाही.

जयभीम!