महाधमनीचे अस्तर

हृदयाच्या स्टेंटची कीर्ती आज नाशिकच्या शालिमार चौकापासून सुरगाण्याच्या पाड्यांपर्यंत पोहोचली आहे. २०१७ च्या फेब्रुवारीत केंद्रीय औषध किंमत नियामकाने साध्या धातूच्या स्टेंटला ७,२६० आणि औषधलेपित स्टेंटला २९,६०० रुपये अशी कमाल किंमत बांधून दिली, तेव्हापासून तर ज्यांना हृदयविकार नाही अशी माणसेही त्याच्या भावतावाविषयी अधिकारवाणीने बोलू लागली. परंतु त्याच कुळातील, आकाराने कितीतरी थोरला आणि धर्माने जवळजवळ उलटा असा जो स्टेंट-ग्राफ्ट, त्याची ओळख वैद्यकीय वर्तुळाबाहेर क्वचितच कोणाला असते. हृदयाचा स्टेंट अरुंद झालेली वाट रुंद करतो; हा मात्र फाजील रुंद झालेल्या वाटेच्या पोटात नवी, मापाची वाट घालतो.

ती वाट म्हणजे महाधमनी. हृदयातून निघून छातीतून पोटात उतरणारी आणि बेंबीच्या सुमारास दुभंगून दोन्ही पायांकडे जाणारी ही वाहिनी पोटात साधारण दोन सेंटिमीटर व्यासाची असते. तिच्या भिंतीतील लवचीक तंतू झिजून हा व्यास तीन सेंटिमीटरवर गेला, की त्या फुगवट्याला अ‍ॅन्युरिझम म्हणतात. रक्तदाब तोच राहिला तरी व्यास वाढेल तसा भिंतीवरचा ताण वाढत जातो आणि ताणाने व्यास पुन्हा वाढतो. म्हणून पुरुषांमध्ये साडेपाच सेंटिमीटर ही शस्त्रक्रियेचा विचार करण्याची हद्द मुक्रर झाली आहे. ती हद्द ओलांडेपर्यंत बहुधा कोणतीही तक्रार नसते, आणि फुगवटा फुटल्यावर तक्रार करण्याइतका अवधीही पुष्कळांना मिळत नाही. कारणांच्या यादीत धूम्रपानाचा क्रमांक अगदी वरचा आहे. आणि ज्या नाशिक जिल्ह्यात सिन्नरच्या विड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कित्येक घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या, त्या जिल्ह्यासाठी हे वाक्य लिहिताना लेखणी किंचित अडखळते.

या व्याधीपुढे शल्यविद्या दीर्घकाळ हतबल होती. १९४८ साली न्यूयॉर्कमध्ये डॉ. रुडॉल्फ निसेन यांनी आल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या पोटातील फुगवट्याभोवती सेलोफेन गुंडाळले, ते अशासाठी की त्याच्या दाहाने भोवती व्रणतंतू माजावेत आणि भिंतीला आधार मिळावा. तो आधार सहा वर्षांहून थोडा अधिक टिकला. १९५५ च्या एप्रिलमध्ये फुगवटा फुटला, आणि आइन्स्टाइन यांनी पुन्हा शस्त्रक्रिया करून घेण्यास नकार दिला. दरम्यान १९५१ मध्ये पॅरिसला शार्ल दुबोस्त यांनी फुगलेला भाग कापून त्या जागी मृत दात्याची धमनी जोडून दाखवली होती. त्यानंतर कृत्रिम वस्त्राचा शोध सुरू झाला, आणि त्या शोधाची एक हकिकत मोठी लोभस आहे. ह्यूस्टनचे मायकेल डीबेकी नायलॉन आणावयास दुकानात गेले. नायलॉन संपले होते, म्हणून विक्रेत्याने डेक्रॉन नावाचे नवे कापड पुढे केले, आणि डॉक्टरसाहेबांनी घरी पत्नीच्या शिवणयंत्रावर त्याच्या नळ्या शिवल्या. डेक्रॉन म्हणजे पॉलिएस्टर. ज्या धाग्याने मालेगावचे यंत्रमाग खडखडतात त्याच जातीचा हा धागा आजही अनेक स्टेंट-ग्राफ्टांच्या वस्त्रात असतो. त्याचे ताणे-बाणे इतके घट्ट आणि पातळ विणावे लागतात, की येवल्याच्या विणकरानेही ते बोटांनी चाचपून पाहावे.

डीबेकींचे कापड बसवायचे तर पोट छातीपासून खाली उघडावे लागे, महाधमनीला चिमटा लावावा लागे. सत्तरीच्या, धापा टाकणाऱ्या माणसाला हे झेपेलच असे नव्हते. जांघेतील धमनीतून नळी सरकवून आतूनच अस्तर लावण्याची युक्ती प्रथम कोणी अमलात आणली, असे विचारले तर पाश्चात्त्य ग्रंथ बहुधा ब्वेनोस आयरेसच्या हुआन परोदी यांच्या ७ सप्टेंबर १९९० च्या शस्त्रक्रियेकडे बोट दाखवतात. पोटातील महाधमनीपुरते ते रास्तही आहे. परंतु छातीतील महाधमनीत खार्किवच्या निकोलाय वोलोदोस यांनी १९८७ मध्येच असे अस्तर बसवले होते. त्यांचे आरंभीचे लेखन रशियन भाषेत राहिले, आणि कीर्तीच्या दरबारात त्यांची अर्जी फार उशिरा रुजू झाली.

यंत्राची रचना ऐकावयास सोपी आहे. निकेल आणि टायटॅनियम यांच्या मिश्रधातूची, म्हणजे नायटिनॉलची, जाळी आणि तिच्यावर शिवलेले वस्त्र ही सारी सामग्री बारीक नळीत दाबून भरलेली असते. क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत ती जागेवर नेऊन नळी मागे ओढली, की जाळी आपले मूळ रूप आठवून उमलते आणि भिंतीला घट्ट धरते. ही पकड बसण्यासाठी मूत्रपिंडांच्या धमन्यांखाली निदान दहा ते पंधरा मिलिमीटर निरोगी भिंत लागते, आणि ग्राफ्ट त्या भिंतीपेक्षा दहा ते वीस टक्के थोरला निवडावा लागतो. सीटी स्कॅनवरून हे माप काढणे हीच शस्त्रक्रियेची खरी पूर्वतयारी. त्यात गफलत झाली तर कालव्याच्या अस्तरामागे पाणी पाझरावे तसे रक्त ग्राफ्टबाहेरून फुगवट्यात शिरते. यालाच एंडोलीक म्हणतात. कमरेच्या लहान धमन्यांतून उलट येणारे रक्त पुष्कळदा निरुपद्रवी ठरते. पण ग्राफ्टच्या टोकाशी किंवा दोन भागांच्या सांध्यात झालेली गळती फुगवट्याला पुन्हा पूर्ण दाबाखाली आणते, आणि तिचा बंदोबस्त तातडीने करावा लागतो.

फलिताचा प्रश्न येथे निघतो, आणि माझ्या मते या यंत्राची सारी परीक्षा काळावर आहे. ब्रिटनमधील ३७ रुग्णालयांत १९९९ ते २००४ या मुदतीत १,२५२ रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागून, एकास ग्राफ्ट आणि दुसऱ्यास उघडी शस्त्रक्रिया, अशी जी ‘ईव्हार-१’ चाचणी झाली, तिच्यात तीस दिवसांतील मृत्यू ग्राफ्टच्या गटात १.८ टक्के आणि उघड्या शस्त्रक्रियेच्या गटात ४.३ टक्के निघाले. इतका लख्ख फरक पाहून जगभर ग्राफ्टचा बोलबाला झाला, तो साहजिकच होता. पण चाचणी चालवणाऱ्यांनी दफ्तर बंद केले नाही, आणि हेच त्यांचे थोर काम. २०१६ मध्ये पंधरा वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला, तेव्हा आठ वर्षांनंतरच्या काळात उघडी शस्त्रक्रिया झालेल्यांचा मृत्युदर कमी असल्याचे दिसले. ग्राफ्टखालचे काही फुगवटे उशिरा फुटत होते. २०१८ मध्ये ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने उघडी शस्त्रक्रिया सोसू शकणाऱ्यांस ग्राफ्टचा उपाय देऊच नये, असा मसुदा काढला. त्यावर मोठा कल्लोळ झाला, आणि २०२० च्या अंतिम मार्गदर्शक सूचनांत ती भाषा सौम्य झाली.

दफ्तर लपवले तर काय होते, याचाही दाखला याच इतिहासात आहे. अमेरिकेत १९९९ मध्ये परवानगी मिळालेल्या ‘अँक्युअर’ ग्राफ्टची बसवण्याची नळी वारंवार अडकत असे. अडीच हजारांहून अधिक बिघाडांची माहिती कंपनीने सरकारपासून दडवली. कंपनीतल्याच काही नोकरांनी निनावी पत्र लिहून ते उघडकीस आणले, आणि २००३ मध्ये गुन्हा कबूल करून कंपनीने ९ कोटी २४ लाख डॉलर भरले.

म्हणून ग्राफ्ट बसवलेल्या माणसाने एका महिन्याने आणि पुढे बहुधा दरवर्षी सीटी किंवा सोनोग्राफीच्या हजेरीस जावयाचे, ते आयुष्यभर. सुरगाण्याच्या किंवा पेठच्या शेतकऱ्याला, ज्याचे दुखणे थांबले आहे, त्याला दिवस मोडून एस.टी.ने नाशिकला ये म्हणणे सोपे नाही. तो आला नाही तर तो हलगर्जी आहे असे समजण्यापूर्वी तपासणीचा खर्च कोण सोसतो हे विचारावे. ग्राफ्टची निवड करताना शल्यविशारदाने धमनीच्या मापाइतकेच या प्रवासाचे मापही घ्यावयास हवे.

ब्रिटनचे आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लागू करण्यात आणखी एक अडचण आहे. ते रुग्ण साठीच्या पुढचे आणि बहुतांश पुरुष होते. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात, जेथे १९६८ मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले हृदयारोपण केले, तेथेच सेन, परुळकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकाच्या आरंभी महाधमनीच्या दाहाच्या १०१ रुग्णांचा अभ्यास ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. हा दाह तरुणांना, त्यातही विशेषतः स्त्रियांना गाठतो. कोठे धमनी अरुंद करतो, कोठे फुगवतो. अशा रुग्णात आधी औषधांनी दाह शमवावा लागतो, कारण धगधगत्या भिंतीवर बसवलेल्या ग्राफ्टच्या टोकाशी नवा फुगवटा येऊ शकतो. आणि येथे ग्राफ्टला पाच-दहा वर्षे नव्हे, तर तीस-चाळीस वर्षे टिकावयाचे असते. जगातील सर्वांत दीर्घ चाचणीचा हिशेब पंधरा वर्षांशी थांबतो.