शाळेच्या आवारातलं आकाश

पुण्यात टिळक रस्त्यावरच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये 1954 साली कुसुमबाई मोतीचंद तारांगण सुरू झालं. कोलकात्याचं बिर्ला तारांगण साठच्या दशकातलं, मुंबईचं नेहरू तारांगण 1977 चं, दिल्लीचं 1984 चं. देशातलं पहिलं तारांगण उभं राहिलं ते एका माध्यमिक शाळेत! ‘आशियातलं पहिलं’ असंही कुठे कुठे छापलेलं असतं, पण जपानात ओसाकाला 1937 सालीच तारांगण होतं. देशातलं पहिलं, हा मान काही लहान नाही.

या शाळेकडे सुरुवातीला स्वतःची इमारतसुद्धा नव्हती. सरकारी नोकरी सोडून आलेल्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी टिळक आणि नामजोशींना सोबत घेऊन 1 जानेवारी 1880 रोजी बुधवार पेठेतल्या मोरोबादादांच्या वाड्यात वर्ग भरवले. वामन शिवराम आपटे आणि आगरकर मागाहून आले. भांडवल म्हणाल तर ही माणसंच. 1882 मध्ये शिक्षण आयोगाचे अध्यक्ष विल्यम हंटर येऊन गेले आणि त्यांनी शाळेची मनापासून तारीफ केली. 1884 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, पुढच्या वर्षी फर्ग्युसन कॉलेज. इमारती, मैदानं, प्रयोगशाळा यांचा क्रम त्यानंतरचा.

टिळक या शाळेत गणित शिकवत. 1890 मध्ये ते सोसायटीतून बाहेर पडले आणि 1893 मध्ये त्यांचा ‘ओरायन’ हा ग्रंथ आला. मृगशीर्षाच्या आधाराने वेदांचा काळ ठरवण्याचा तो प्रयत्न. त्यांचे निष्कर्ष आज कोणी मानो न मानो, न्यू इंग्लिश स्कूलच्या एका मास्तरांनी मृग नक्षत्राचा असा पिच्छा पुरवला होता. साठ वर्षांनी त्याच संस्थेच्या शाळेत तेच नक्षत्र भर दुपारी मुलांच्या डोक्यावर उगवू लागलं, याचा मला फार आनंद वाटतो.

एका शाळेला हे झेपलं कसं, याचं उत्तर काही अंशी त्या काळाच्या तंत्रात आहे. जर्मनीच्या झाइस कंपनीची यंत्रं अजस्र आणि तितकीच महाग. ती मोठ्या शहरांनाच परवडत. 1947 च्या सुमारास अमेरिकेत आर्मंड स्पिट्झ यांनी साधा मार्ग काढला. काटेकोर गोल घडवणं खर्चाचं, म्हणून त्यांनी बारा सपाट पंचकोनांचा पोकळ ठोकळा केला, त्याला ताऱ्यांच्या जागी बारीक भोकं पाडली आणि आत दिवा ठेवला. अंधारात प्रत्येक भोकातून प्रकाशाचा एक ठिपका घुमटावर पडतो. ठोकळा सावकाश फिरवला की तारे पूर्वेला उगवून पश्चिमेला मावळतात. त्याचा आस कमी-जास्त कलवला की वेगवेगळ्या अक्षांशांवरचं आकाश दिसतं. किंमत सुरुवातीला पाचशे डॉलरच्या आसपास. तारांगण शाळेच्या आवाक्यात आलं ते अशा छोट्या यंत्रांमुळे.

आज शाळेच्या माहितीपत्रकात ‘सुविधा’ या मथळ्याखाली संगणक कक्ष, स्मार्ट बोर्ड, बस, कॅमेरे यांची यादी असते. त्या वस्तू हव्यातच. पण शिक्षकाला काय शिकवताना अडतं, हे विचारून किती वस्तू घेतल्या जातात? सूर्य डोक्यावर असताना ध्रुवतारा आणि सप्तर्षी कसे दाखवणार, ही भूगोलाच्या तासाची खरी अडचण आहे, आणि तारांगण तीच दूर करतं.

आम्हा सोलापूरकरांना तर तारांगणावाचूनही, खऱ्या आकाशाखाली तास घेण्याचा विचार करायला हरकत नाही. पाऊस कमी म्हणून आपण सदा कुरकुरतो; पण त्याच कारणाने आपलं आकाश वर्षातले कितीतरी महिने निरभ्र असतं. पुणे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर, सोलापूर पावणेअठरावर. क्षितिजापासून ध्रुवाची उंची जवळपास अक्षांशाइतकीच असते, म्हणजे तो आपल्याकडे पुण्याहून जेमतेम पाऊण अंश खाली. कंपासपेटीतला कोनमापक, दोरा आणि दोऱ्याला बांधलेला खडा एवढ्यावर आठवीतली मुलं ही उंची मोजू शकतात. शाळेची गच्ची त्यासाठी रात्री आठला उघडी मिळाली पाहिजे, आणि एक शिक्षक सोबत थांबला पाहिजे.